मूस नसलेली भट्टी

बाबांनी आधी रंग विचारला.
“कसलो रंग येता गो?”
वागळे इस्टेटच्या सोळा नंबर रस्त्यावर
एकोणीस वर्षं त्यांनी पोलाद रंगावरून ओळखलं:
काळपट लाल, लाल, नारिंगी, वाळल्या पेंढ्यासारखं पिवळं,
आणि त्यापुढचं पांढरं, ज्याच्याकडे बघायचं नसतं.
थर्मोकपल मागाहून यायचं,
त्यांच्या म्हणण्याला मान डोलवायला.

मी म्हटलं, दोन लाख कोटी अंश.
त्यांचा हात भातातच राहिला.

कुठला रंग सांगू?
तिथे रंग म्हणजे दिसणं नाही.
क्वार्कांच्या आपसातल्या ओढीला आम्ही रंग म्हणतो.
तिघे मिळून बेरंग होतात,
प्रोटॉनच्या बाहेर थेंबभर सांडत नाही.
दोघांना ताणावं तेवढी गाठ घट्ट,
तोडलीच, तर दोन्ही टोकांना
नवा कुणीतरी चिकटलेला.
एकटा क्वार्क अजून कुणाला सापडलेला नाही.
फक्त शिशाची दोन केंद्रकं समोरासमोर आदळली
की, प्रकाशाला एक केंद्रक ओलांडायला लागेल
जेमतेम तेवढा वेळ,
कुंपणं विरघळतात.

“मगे ता ठेवतत कित्यात?”
कशातच नाही, बाबा. मूस नसते.
कुठली वीट टिकेल?

ते जरा वेळ गप्प.
मग ताक पिऊन म्हणाले,
“रसच मा तो. व्हावतलोच.”

आणि मी हसले नाही, कारण
आमच्यातल्या भल्याभल्यांना वाटलं होतं
की एवढ्या उष्णतेत वाफ होईल,
कण सुटे सुटे उधळतील.
निघाला रस.
पाण्याहून सरळ वाहणारा,
जवळजवळ न चिकटणारा.
लोकमान्य नगरच्या स्वयंपाकघरात
हे एका वाक्यात उरकलं.

माझं काम त्या रसातल्या जड जोडीचं.
चार्म आणि त्याचा प्रतिकण.
रस तयार व्हायच्याही आधी, पहिल्या धडकेत जन्मलेले,
म्हणून सगळं पाहिलेले.
एकत्रच निघतात. पण मध्ये इतके रंग येतात
की याची हाक त्याच्यापर्यंत जात नाही.
भांडण नाही, अंतरही फारसं नाही.
नुसता पडदा.
मग रस निवतो, आणि जो तो
हाताशी येईल त्याचा हात धरतो.

मी रात्रभर हे गणित चालवते.
लॅपटॉपचा पंखा कण्हतो,
येऊरकडची खिडकी उघडी ठेवावी लागते.
आलेखावर तीन पूर्णांक एकच्या जागी
एक छोटी टेकडी दिसायला हवी:
जोडी म्हणून पोचलेल्यांची.
ती बुटकी भरते.

लेडलच्या दुसऱ्या टोकाला शिवमूर्ती पाल असायचा.
बाबा “हं” म्हणायचे, तो कलता करायचा.
कारखान्याचा पत्रा उतरला, काचेची इमारत चढली,
बाबा एका सोसायटीच्या गेटवर बसले,
तो तळोज्याला की अजून कुठे.
शेवटच्या दिवशी पगाराच्या रांगेत
दोघांच्या मध्ये चाळीस माणसं होती, म्हणतात.

मोठ्या धडकेत चार्म पुष्कळ जन्मतात.
मग निवताना कधी कधी
एकाचा चार्म, दुसऱ्याचा प्रतिकण,
आधी एकमेकांना कधीच न भेटलेले,
जोडी बनून बाहेर येतात.
टेकडी थोडी उंचावते.
वस्तुमान तेच. विरण्याची रीत तीच.
ही जुनी की नवी,
एकेका जोडीकडे बघून आम्हाला सांगता येत नाही.

संध्याकाळी बाबा खाली बाकावर बसतात,
लेथवाल्या निवृत्त तांडेलांबरोबर.
वरून बघितलं तर दोन टकलं,
एक बोलतं, दुसरं कलतं होतं.

परवा चपला घालता घालता म्हणाले,
“शिवमूर्तीचो फोन इलो तर सांग,
मी खाली आसंय.”